भिंतीवर चढणारा गोचीड आणि लाडूचा प्रवास

गेल्या मार्चमध्ये बहारीनमधल्याच एका मैत्रिणीने मला एक फोटो पाठवला. तिच्या व्हिलाची पांढरी भिंत, खिडकीचा पडदा आणि पडद्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा राखाडी गोळा. खाली प्रश्न होता: "अगं, ही कसली बी आहे? आणि हिला पाय कसे?"

मी उत्तर दिलं, "लाडूचे कान उलटून बघ."

लाडू हा तिचा कुत्रा. रस्त्यावर सापडलेला, वाळूच्या रंगाचा, लांब पायांचा. दहा मिनिटांनी तिचा फोन आला. कानांत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली असे मिळून तेवीस गोचीड तिने मोजले होते. "इथे एवढं ऊन, एवढी वाळू. गवताचं पान दिसत नाही. आणि गोचीड? ते तर गावाकडे गाई-म्हशींना असतात ना?"

तिच्या घरी तेव्हा आणखी एक गोष्ट ठरली होती. नवऱ्याची बदली मँचेस्टरला झाली होती आणि ऑगस्टमध्ये लाडूही त्यांच्याबरोबर विमानाने जाणार होता. म्हणजे पडद्यावरचा तो राखाडी गोळा एका घरापुरता प्रश्न नव्हता. माझी पीएचडी सूक्ष्मजीवशास्त्रातली आहे, गोचिडांवरची नाही. पण तिला नीट उत्तर देण्यासाठी जे वाचलं, तपासलं, ते तुमच्यापैकी अनेकांच्या उपयोगाचं आहे असं वाटलं, म्हणून हा लेख. तुम्ही आखातात असा, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत की ऑस्ट्रेलियात, घरात कुत्रा-मांजर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गोचीड म्हणजे नक्की कोण?

गोचीड हा कीटक नाही. पिसवा आणि उवा कीटक आहेत, त्यांना सहा पाय असतात. गोचीड हा कोळी आणि विंचवाच्या नात्यातला, आठ पायांचा जीव. गंमत म्हणजे अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा त्यालाही सहाच पाय असतात. पहिलं जेवण होऊन कात टाकली की पाय आठ होतात.

हे 'जेवण' म्हणजे रक्त, आणि ते आयुष्यात फक्त तीनदा. लाडूवर सापडलेल्या जातीला तपकिरी कुत्रागोचीड म्हणता येईल. शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. अंड्यातून निघालेली अळी कुत्र्यावर चढते, काही दिवस रक्त पिते, खाली पडते, एखाद्या फटीत शिरून कात टाकते. मग पुन्हा कुत्रा शोधते, पुन्हा पिते, पुन्हा पडते, पुन्हा कात. तिसऱ्या वेळी ती पूर्ण वाढलेली मादी असते. आठवडाभर रक्त पिऊन ती टम्म फुगते, तिचं वजन मूळच्या शंभर पटींच्या आसपास जातं, आणि ती कुत्र्यावरून उतरून एखाद्या कोपऱ्यात अंडी घालते. एका मादीची अंडी ४,००० पर्यंत जाऊ शकतात. अंडी घालून झाली की ती मरते. हवा मानवली तर हे सगळं चक्र साधारण दोन महिन्यांत पूर्ण होतं.

दोन जेवणांच्या मधे गोचीड घाई करत नाही. पूर्ण वाढलेला गोचीड काहीही न खाता महिनोन्महिने फटीत बसून राहू शकतो. पुढच्या पायांवर त्याचं एक खास ज्ञानेंद्रिय असतं. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, वास हे सगळं त्याला त्यावरून कळतं. कुत्रा जवळ येऊन श्वास सोडतो आणि गोचीड जागा होतो.

आता भिंतीचं कोडं. बहुतेक जातींचे गोचीड गवताच्या टोकावर पाय पसरून वाट बघतात. त्यांना ओलावा लागतो. कुत्रागोचीड वेगळा आहे. कोरडेपणा तो इतरांपेक्षा बराच सोसतो आणि रक्त पिऊन झालं की वर चढायची त्याची ओढ असते. कुत्र्याच्या बिळात किंवा कोनाड्यात राहणाऱ्या जीवाला ही सवय सोयीची होती. आपल्या घरात तीच सवय त्याला पडद्यावर, दाराच्या चौकटीवर, छताच्या कोपऱ्यात घेऊन जाते.

वाळवंट बाहेर, घर आत

"एवढ्या उन्हात कसे जगतात?" या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: ते उन्हात जगतच नाहीत.

बहारीनमध्ये जुलै-ऑगस्टला पारा चाळिशीच्या वर असतो. तापलेल्या फरशीवर किंवा वाळूवर पडलेली गोचिडाची अळी वाळून जाईल. पण दाराच्या आत काय आहे? एसी चोवीस तास चालू, तापमान चोवीस-पंचवीस अंश, सोफ्याखाली अंधार, आणि रोज त्याच जागी झोपणारा कुत्रा. गोचिडाने स्वतःसाठी घर बांधायला घेतलं असतं तरी याहून चांगलं बांधलं नसतं.

आणि हेच घर तुम्हाला जगात कुठेही सापडेल. पुण्यातला फ्लॅट, मँचेस्टरचं हीटिंग लावलेलं घर, टोरांटोचं बेसमेंट. बाहेर बर्फ असो की वाळू, आत हवामान एकच. म्हणूनच उत्तर युरोपात, जिथे हा गोचीड बाहेरच्या थंडीत तग धरू शकत नाही, तिथेही प्रवासाहून परतलेल्या कुत्र्याबरोबर तो घरात शिरतो आणि भिंतींवर पुढची पिढी दिसू लागते. नकाशावर आपण ज्याला 'नवा प्रदेश' म्हणतो, तो या गोचिडासाठी फारसा नवा नसतो. कुत्रा आणि भिंतीची फट एवढाच त्याचा देश.

इथे एक बारकावा सांगायला हवा. ज्याला आपण एकच जात समजत होतो त्या कुत्रागोचिडाच्या निदान दोन शाखा आहेत, हे जनुकीय अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. एक समशीतोष्ण भागातली, दुसरी उष्ण कटिबंधातली. उष्ण कटिबंधातल्या शाखेला आता ऱ्हिपिसेफॅलस लिनाय असं वेगळं नाव मिळालं आहे. हे वर्गीकरण करणाऱ्यांचं भांडण नाही. पुढे ज्या रोगाबद्दल सांगणार आहे, तो पसरवण्यात ही उष्ण प्रदेशातली शाखा पटाईत आहे.

चाव्यातून काय येतं?

गोचीड चावतो तेव्हा कळत नाही, कारण त्याच्या लाळेत जागा बधिर ठेवणारी, रक्त गोठू न देणारी, शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी रसायनं असतात. आधीच्या कुत्र्याच्या रक्तातून आलेले जंतू गोचिडात असतील तर तेही याच लाळेतून नव्या कुत्र्यात जातात.

भारतात कुत्रा पाळणारे सर्रास 'टिक फीव्हर' म्हणतात. त्यामागे बहुतेक वेळा एर्लिकिया कॅनिस नावाचा जीवाणू असतो, कधी बॅबेसिया नावाचा, लाल पेशींत राहणारा परजीवी, तर कधी दोन्ही. (आपल्याकडे गाईंच्या 'गोचीड तापा'चा जंतू वेगळा, गोचीडही वेगळे.) एर्लिकिया पहिल्यांदा ओळखला गेला तो १९३५ मध्ये अल्जीरियातल्या कुत्र्यांत. जगाचं लक्ष मात्र व्हिएतनाम युद्धाच्या काळात गेलं, जेव्हा अमेरिकी लष्कराची जर्मन शेफर्ड कुत्री नाकातून रक्त येऊन मोठ्या संख्येने मरू लागली.

या रोगाची चाल समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. पहिल्या टप्प्यात, चाव्यानंतर एक ते तीन आठवड्यांत, ताप येतो, कुत्रा मलूल होतो, खात नाही, रक्तातल्या प्लेटलेट घटतात. दोन-चार आठवड्यांत बरेच कुत्रे उपचाराशिवायही बरे झाल्यासारखे दिसतात. मग दुसरा टप्पा: कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो, आणि जंतू शरीरात दबून राहतो. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं. काहींचं शरीर त्याला हाकलून लावतं. काहींमध्ये तिसरा टप्पा येतो. हाडांतला मगज रक्तपेशी बनवणं कमी करतो, नाकातून रक्त येतं, हिरड्यांवर ठिपके दिसतात. तिथून कुत्र्याला परत आणणं फार अवघड असतं.

हा मधला टप्पाच विमानात बसतो. कागदपत्रं नीट, लस घेतलेली, तब्येत उत्तम. विमानतळावर बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही नसतंच.

'नवा प्रदेश' तीन तऱ्हांनी

गोचीड आणि रोग नव्या ठिकाणी पोहोचले असं आपण म्हणतो, तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात.

पहिली तऱ्हा: गोचीड आधीपासून आहे, जंतू नवा येतो. ऑस्ट्रेलियात कुत्रागोचीड फार पूर्वीपासून होता. एर्लिकिया मात्र नव्हता, आणि तो येऊ नये म्हणून बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांची रक्ततपासणी सक्तीची होती. तरी मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागात, कधीही परदेशी न गेलेल्या कुत्र्यांत तो सापडला. त्यानंतर उत्तरेकडच्या मोठ्या पट्ट्यात तो पसरलेला आढळला. दुर्गम वस्त्यांमध्ये, जिथे पशुवैद्य क्वचित पोहोचतो, तिथल्या कुत्र्यांना सगळ्यात जास्त सोसावं लागलं. गोचीड वाट बघतच होता. त्याला जंतू मिळायचा बाकी होता.

ब्रिटनमधलं उदाहरणही याच तऱ्हेचं. २०१५ च्या शेवटी आणि २०१६ च्या सुरुवातीला एसेक्समधल्या हार्लो गावात, देशाबाहेर पाऊल न टाकलेल्या कुत्र्यांना बॅबेसिया झाला. त्या भागात एका वेगळ्या जातीचे गोचीड आधीपासून होते. कुठल्या तरी प्रवासी कुत्र्याने जंतू आणला आणि त्या गोचिडांनी तो पुढे नेला, हाच सरळ अर्थ. बाहेरून येणाऱ्या कुत्र्याला गोचिडाचं औषध देण्याची ब्रिटनमधली सक्ती २०१२ च्या सुरुवातीलाच उठली होती, हे इथे लक्षात घ्या. टेपवर्मचं औषध आजही सक्तीचं आहे, गोचिडाचं नाही.

दुसरी तऱ्हा: गोचीडच नवा येतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका मेंढीवर पूर्व आशियातला लांबशिंगी गोचीड सापडला. याची मादी नराशिवायही अंडी घालू शकते, म्हणजे वस्ती वसवायला एकच पुरे. मग संशोधकांनी जुन्या नमुन्यांच्या बाटल्या पुन्हा उघडल्या. त्यात २०१३ मध्ये न्यू जर्सीतल्याच एका कुत्र्यावरून आणि २०१० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका हरणावरून काढलेले गोचीड याच जातीचे निघाले. तेव्हा ते दुसऱ्याच कुठल्या जातीचे समजून ठेवून दिले होते. पुरावा एका पाळीव कुत्र्याच्या अंगावरून हातात आला होता, तो ओळखायला काही वर्षं लागली.

तिसरी तऱ्हा: गोचीड जुना, जंतू जुना, जोडी नवी. 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर' हा माणसाला होणारा गंभीर ताप अमेरिकेत दुसऱ्या जातींच्या गोचिडांमुळे होतो असं पुस्तकांत होतं. २००३ पासून ऍरिझोनाच्या पूर्व भागात तो दिसू लागला, जिथे ते गोचीड जवळजवळ नव्हतेच. होता आपला कुत्रागोचीड, मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांवर आणि घरांच्या भिंतींवर. लहान मुलं दगावली. हा ताप आपल्या भागात नाही, पण त्याच्या कुळातला 'इंडियन टिक टायफस' महाराष्ट्रातही आढळतो. 'टिक फक्त कुत्र्याला त्रास देतो' असं म्हणण्याआधी ऍरिझोना आठवावं.

ऍरिझोनाची दुसरी बाजूही सांगते, कारण ती दिलासा देणारी आहे. तिथल्या एका वस्तीत सगळ्या कुत्र्यांना गोचीड मारणारे, महिनोन्महिने टिकणारे पट्टे बांधले आणि घरांभोवती फवारणी केली. चार महिन्यांनी त्या वस्तीतल्या जेमतेम १ टक्का कुत्र्यांवर गोचीड दिसत होते. हे न केलेल्या शेजारच्या वस्तीत हेच प्रमाण निम्म्याहून जास्त होतं.

दोडामार्ग ते जेद्दा

आता थोडा वेळ कुत्र्यांना बाजूला ठेवू. 'हा रोग आपल्याकडे नाही' या वाक्याची किंमत समजायला कोकणातलं उदाहरण सगळ्यात जवळचं आहे.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसं तापाने फणफणू लागली. आधी शंका आली की पीतज्वर आशियात शिरला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) गोचिडातून पसरणारा नवाच विषाणू शोधून काढला. तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपला 'माकडताप'. त्याचे नातेवाईक तेव्हा रशियात माहीत होते. त्यामुळे सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांनी तो आणला का, हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. पक्ष्यांवरचा तो आरोप काही सिद्ध झाला नाही. स्थलांतराबद्दलची अमूल्य माहिती मात्र हाती आली.

पुढची अनेक दशकं हा रोग कर्नाटकातल्या काही तालुक्यांचा मानला गेला. मग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि जानेवारी २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात तो दिसला. हंगाम काजूचा. लोक बागांत, पाचोळ्यात दिवसभर वावरत होते. गोचीड त्या जंगलात आधीपासून होते. सह्याद्री एकच आहे, तालुक्याच्या सीमा आपण आखलेल्या.

या माकडतापाच्या विषाणूचा सगळ्यात जवळचा ज्ञात भाऊबंद कुठे आहे माहीत आहे? आमच्या शेजारी, सौदी अरेबियात. १९९५ मध्ये जेद्दातल्या एका खाटकाच्या रक्तातून तो वेगळा केला गेला. नाव अलखुर्मा विषाणू. दोघांच्या जनुकीय क्रमात नव्वद टक्क्यांच्या आसपास साम्य आहे. तो सापडतो उंट-मेंढ्यांवरच्या गोचिडांत. तो शोधणाऱ्यांमधले डॉ. अली मोहम्मद झाकी म्हणजे पुढे २०१२ मध्ये मर्सचा विषाणू जगासमोर आणणारे तेच. कोकणातल्या जंगलातला आणि अरबी वाळवंटातला विषाणू एकाच पूर्वजाचे वंशज. मधे समुद्र आहे, पण हजारो वर्षं त्या समुद्रावरून जनावरं, माणसं आणि पक्षी ये-जा करत आहेत.

सौदीपासून बहारीनला जोडणारा २५ किलोमीटरचा पूल १९८६ पासून आहे. उंट-मेंढ्यांवरचे हायलोमा जातीचे गोचीड या सगळ्या भागात आढळतात. पट्टेरी पायांचे, चपळ. गवतावर बसून वाट बघण्यापेक्षा ते भक्ष्याकडे चालत, जवळजवळ धावत येतात. यांच्यातून पसरणारा क्रायमियन-काँगो ताप दुबईत १९७९ मध्ये दिसला, गुजरातेत साणंदजवळच्या कोलाट गावात जानेवारी २०११ मध्ये, आणि इराकमध्ये २०२२ च्या पहिल्या पाच महिन्यांत संशयित धरून २०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. कुत्रा या रोगाचा मुख्य वाहक नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण हिवाळ्यात साखीरच्या कॅम्पवर किंवा एखाद्या फार्मवर कुत्र्याला उंट-मेंढ्यांच्या जवळ नेत असाल, तर परत आल्यावर त्याचं आणि मुलांचं अंग तपासायचं, एवढी गाठ मारून ठेवा. पट्टेरी पायांचा गोचीड दिसला तर त्याला उघड्या हाताने स्पर्श करू नका.

मग करायचं काय?

*रोज हात फिरवा.* कान आतून-बाहेरून, बोटांच्या बेचक्या, काखा, शेपटीखाली, पट्ट्याखाली. दोन मिनिटं लागतात. लहान अळ्या मोहरीहूनही बारीक असतात, त्या डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात.

*काढायची पद्धत एकच.* बारीक टोकाचा चिमटा, कातडीला अगदी लागून पकडायचा, न पिरगळता सरळ वर ओढायचं. आपल्याकडचे घरगुती उपाय, म्हणजे रॉकेल, तेल, पेटलेली काडी, मीठ, हे सगळे टाळा. त्रासलेला गोचीड पोटातलं उलट जखमेत सोडू शकतो. आणि नखावर ठेवून चिरडायची सवय असेल तर ती आजच सोडा. गोचिडाच्या पोटातलं रक्त बोटाच्या चिरेतून तुमच्या शरीरात जाऊ शकतं. चिकटपट्टीत बंद करा किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका. बाटलीवर तारीख आणि ठिकाण लिहा. न्यू जर्सीची गोष्ट आठवते ना?

*औषध पशुवैद्याकडूनच.* गोळ्या, मानेवर टाकायचे थेंब, पट्टे, तिन्ही चांगले आहेत. कुत्र्याचं वजन आणि वय बघून ठरवायचे. आखातात ते बारा महिने लागतं, कारण घरातल्या गोचिडाला ऋतू नसतो. घरात मांजर असेल तर एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराचा जीव घेऊ शकतं.

*कुत्र्याइतकीच भिंतही महत्त्वाची.* तुम्हाला कुत्र्यावर दिसतात ते थोडे, फटींत दडलेले जास्त. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा. स्कर्टिंगच्या फटी, पडद्यांच्या मागच्या शिवणी, सोफ्याच्या खाचा व्हॅक्युम करा आणि ती पिशवी लगेच बाहेर टाका. वस्ती मोठी असेल तर फवारणीवाल्याला बोलवा आणि त्याला 'टिक आहेत' असं स्पष्ट सांगा. एकदा फवारून भागत नाही. आज न फुटलेली अंडी काही आठवड्यांनी फुटतात, त्यामुळे पुन्हा फवारावं लागतं.

*देश बदलण्याआधी रक्त तपासा.* मायक्रोचिप आणि रेबीजची लस जवळजवळ सगळीकडे मागतात. गोचिडांतून येणाऱ्या जंतूंची तपासणी ऑस्ट्रेलियासारखे मोजकेच देश मागतात. कुणी मागत नाही म्हणून ती नको असं नाही. पशुवैद्याला प्लेटलेटचा आकडा आणि एर्लिकिया-बॅबेसियाची चाचणी करायला सांगा, आणि हे प्रवासाच्या निदान दोन महिने आधी करा. उपचाराला वेळ लागतो. एर्लिकियासाठी डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं, आणि कुत्रा तिसऱ्याच दिवशी नाचायला लागला तरी ते मधे थांबवायचं नाही. एकदा बरा झालेल्या कुत्र्याला पुन्हा होऊ शकतो, हेही विसरू नका.

*आणि नव्या देशातल्या डॉक्टरला सांगा.* हा सगळ्यात स्वस्त उपाय. मँचेस्टर किंवा मेलबर्नमधला पशुवैद्य नाकातून रक्त येणारा कुत्रा बघतो तेव्हा त्याच्या मनात आधी शंभर दुसरी कारणं येतात. "हा बहारीनमध्ये तीन वर्षं होता, अंगावर गोचीड होते" हे एक वाक्य त्याचे बरेच दिवस वाचवतं. माणसांनाही हेच लागू. सुट्टीत सावंतवाडी-दोडामार्गला जाऊन आलात आणि परतल्यावर जोराचा ताप आला, तर डॉक्टरला गावाचं नाव सांगा, रानात गेला होतात हे सांगा. तुम्ही राहता तिथल्या डॉक्टरने 'माकडताप' हा शब्द कदाचित कधी ऐकलेला नसेल.

लाडूचं काय झालं?

लाडू वरून ठणठणीत होता. मैत्रीण म्हणाली, "एवढा उड्या मारतोय, याला कसला आजार? उगाच सुई कशाला टोचायची?" तिला मी मधल्या टप्प्याबद्दल सांगितलं. रिपोर्ट आला: प्लेटलेट कमी, एर्लिकिया आहे. चार आठवडे गोळ्या झाल्या, पनीरच्या तुकड्यात लपवून. घरात दोनदा फवारणी झाली, पडदे उतरले, सोफा उलटा झाला. जुलैमधल्या तपासणीत प्लेटलेट जागेवर आल्या होत्या आणि जंतू सापडला नाही.

ऑगस्टमध्ये ते सगळे गेले. तिथल्या दवाखान्यात पहिल्यांदा नाव नोंदवताना फॉर्मवर 'आधीचे आजार' अशी एक ओळ होती. तिने तिथे सगळं लिहिलं: कुठला गोचीड, कुठला जंतू, कधी उपचार, शेवटच्या रिपोर्टची तारीख. डॉक्टरांनी ते वाचलं, रिपोर्टची प्रत मागून घेतली आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू म्हणाले.

परवा तिचा पुन्हा फोटो आला. ओल्या हिरव्या गवतात लोळणारा लाडू. खाली लिहिलं होतं, "आत्ताच कान बघितले. काही नाही. उद्या परत बघते."